विस्तव, पाणी, बोलणं

सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४

आले एकदाची! कुंदननं गाडीनं सोडलं. सामान उतरवताना तीनदा विचारलं, आई, नक्की ना? तुमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटपेक्षा नक्कीच, असं मी म्हटलं, तर त्यानं डिकी जरा जोरातच आपटली. मुलगा आईवर गेलाय.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत सुनेच्या चकल्या मऊ पडल्यात एवढंच मी म्हणाले होते. त्या मऊ पडल्याच होत्या. तृप्ती म्हणाली, आई, तुम्ही एक दिवस न बोलता राहून दाखवा, मी जन्मात चकली करणार नाही. एकोणचाळीस वर्षं कॉन्व्हेंटच्या मुलींना इतिहास शिकवलेल्या बाईला हे ऐकवायचं! तेव्हापासून मी माझं ताट खोलीत नेऊन जेवते. त्याला एक वर्ष झालं आणि टेबलावर कोणाला माझी कमतरता भासल्याचं दिसलं नाही. नात आरोही नऊ वर्षांची आहे. आज गाडीतून उतरलीसुद्धा नाही. कानांत ती मोबाईलची पांढरी बोंडं. तिच्याजवळ बॉम्ब फुटला तरी तिला कळणार नाही. काचेवर टकटक केली तेव्हा हसली, हात हलवला. हसते मात्र गोड.

असो. मी इथे इतिहास सल्लागार आहे. मालक रविराज लासलगावच्या कांद्यावर मोठा झाला, आणि आता त्यानं पेठ रोडच्या आत डोंगरपायथ्याशी सातशे वर्षांपूर्वीचं आख्खं गाव उभं केलंय. पूर्वेकडे मालेगाव भागातली पांढऱ्या मातीची धाब्याची घरं, पश्चिमेकडे सुरगाण्याकडची कारवीच्या कुडाची, शेणानं लिंपलेली, गवतानं शाकारलेली. मधे देऊळ, चावडी, कुंभाराचं चाक, लोहाराचा भाता. सगळ्याला गावकूस. मला वाण्याचं घर मिळालंय. भिंतीत देवळ्या, जमीन सारवलेली आणि पडद्यामागे चक्क कमोड. इतकी सुधारणा मी खपवून घेईन.

खरी जुनी अशी एकच गोष्ट इथे आहे, ती म्हणजे वेस. कुठल्याशा ओस गावातून दगडांवर आकडे टाकून आणली आणि तशीच्या तशी जोडली. तिच्याखालून येताना छान गार वाटलं.

बुधवार, ६ नोव्हेंबर

चुकांची यादी चौऱ्याहत्तरवर गेली. लोहाराच्या पायात प्लास्टिकच्या सपाता. देवळाच्या दारात कुंडीत बोगनवेल. सगळ्यात कळस म्हणजे स्वयंपाकघरात लाल मिरच्यांच्या माळा! मिरची पोर्तुगिजांनी आणली हो. त्या काळी इथे मिरची नव्हती, शेंगदाणा नव्हता, बटाटा नव्हता. सिस्टर अगाथा म्हणायच्या की एक खोटी तारीख हजार खऱ्या तारखांना खोटं पाडते. इथे तर खोटी तारीख दोरीला बांधून टांगली आहे.

इथली माणसं पेठ-सुरगाण्याकडची, इथेच राहतात आणि दिवसभर गावकरी होतात. पाटलाचं काम हिरामण करतो. मिशी त्याची स्वतःची आहे, अक्कलही स्वतःचीच वापरतो. कोंडाजी सकाळी वेशीत डफ वाजवून दवंडी देतो, की आज गावात अमुक आहे, तमुक आहे. ती दवंडी रविराजची माणसं रोज मोबाईलवर टाकतात आणि हजारो लोक बघतात म्हणे. पुतळाबाई नागलीच्या भाकऱ्या थापते. पन्नाशीची, काळीसावळी, सारखी हसते. तिचा नवरा मंगळू घरं शाकारतो.

दुपारी सगळे चावडीपुढे एका पंगतीला बसतात. पुतळाबाईनं माझ्यासाठीही पान मांडलं आणि म्हणाली, बसा मॅडमबाई, जेवान गरम हाय. मी माझी प्लेट, चमचा, काटा घेऊन घरात गेले. तिचं पान रिकामंच राहिलं म्हणून मागून कोणीतरी हसलं. हसू देत.

सोमवार, ११ नोव्हेंबर

मिरची बंद. मी स्वतः उभी राहून सगळ्या माळा पोत्यात भरल्या आणि पोतं गावकुसाबाहेर पाठवलं. आता मिरे, सुंठ, पिंपळी. दुपारच्या पंगतीला सुतक आल्यासारखे चेहरे होते. हिरामण म्हणाला, मॅडमबाई, मिरची नाय तर भाकर घशाखाली ढकलायची कशानं, इतिहासानं का? सगळे खो खो हसले. मीही हसले असते, पण सवय नाही. मी म्हटलं, हिरामण, तुझ्या पूर्वजांनी ढकललीच ना, त्याशिवाय तू इथे मला उत्तरं द्यायला उगवलास का. मग कोणी हसलं नाही.

रविराजनं एक कागद दिला. वेस उतरवताना तिच्या कोनाड्यात सापडला होता. मोडीत आहे, पुण्याच्या कोणीतरी वाचून टाईप करून दिलाय. गोतसभेचा, म्हणजे भाऊबंद-गावकऱ्यांच्या सभेचा निवाडा. गावानं एखाद्याला वाळीत कसं टाकायचं, त्याची रीत. तीन पानं. असली चीज हातात असताना हे लोक पर्यटकांना पारावर बसवून लुटुपुटीची शिक्षा म्हणून उठाबशा काढायला लावतात! मी म्हटलं, आता खरा निवाडा होईल. रविराज खूश झाला.

शनिवार, १६ नोव्हेंबर

तालीम. कागदातली भाषा फार सुंदर आहे. ‘यास विस्तव, पाणी, बोलणं बंद. त्याच्या हाती कोणी देईल, हातून घेईल, त्यासी बोलणं होईल, तोही त्यातलाच.’ खाली प्रत्येकानं आपल्या धंद्याची निशाणी काढायची. शेतकऱ्यानं नांगर, कुंभारानं चाक.

तिसऱ्या पानावर वाळीतून परत घेण्याची रीत आहे. त्या सालात त्याच्यासोबत एका पंगतीला बसलेल्या पाच जणांनी त्याला जेवायला बसवलं की तो गोतात आला. हे पान मी काढून टाकलं. वीस मिनिटांचा खेळ, त्याचा शेवट जेवणावळीनं करायचा म्हणजे लग्नाचा व्हिडिओ झाला. शिक्षा शिक्षेसारखी संपली पाहिजे. कोंडाजी म्हणाला, बाई, गाठ मारायची तर सोडायचं टोक ठेवत्यात. मी ते पान पुतळाबाईच्या चुलीत घातलं. ती भाकर भाजत होती. ज्वाळेकडे बघत राहिली आणि भाकर करपवली. त्यावरून बोलले ते वेगळंच.

बुधवार, २० नोव्हेंबर

शहरात जाऊन मतदान करून आले. बोटाला शाई लावणाऱ्या मुलीनं नखावर नीट न लावता अर्धी कातडीवर सांडली. सांगितलं तिला.

परत आले तर पुतळाबाई कुडाआड बसून हिरवी मिरची खात होती! कमरेच्या पिशवीत लपवलेल्या. समोर पुण्याच्या पाहुण्यांची बस उभी आणि ही बाई भाकरीवर मिरची कराकरा चावतेय. जिभेला चव नाय बाई, एकच खाल्ली, असं म्हणून पुन्हा हसली. मला हसणं खपत नाही.

आरोपी मिळाला. उद्याचा निवाडा हिचाच.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

अफाट यश. काल पारावर निवाडा झाला. हिरामणनं वाचला, सगळ्यांनी निशाण्या काढल्या. मंगळूचा हात अडला, तो म्हणाला, माझी बायको हाय ती. मी म्हटलं, अरे, नाटक आहे. तेव्हा त्यानं गवताच्या पेंढीची निशाणी काढली. कोंडाजीनं दवंडी दिली आणि पुतळाबाई वेशीबाहेर दगडावर जाऊन बसली.

पाहुण्यांना काय आनंद! तिनं पाणी मागितलं की पोरं तिच्यासमोर बाटली जमिनीवर ओतत. एका बाईंनी तिच्याकडे पाठ करून सेल्फी काढला. तिला खरोखर रडू आलं, तर टाळ्या पडल्या. इतका अस्सल अभिनय तिच्यात असेल असं वाटलं नव्हतं. रविराजनं हा खेळ रविवारपर्यंत वाढवायला सांगितला. मी म्हटलं, अवश्य ठेवा. रोज दवंडीत नाव घ्या, मजकूर मी लिहून देईन, पण ऐकायला येणार नाही; डफानं माझं डोकं दुखतं.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

आज पंगतीला भाकऱ्या दुसरीच कोणी थापत होती. हिरामणला विचारलं की पुतळाबाईचा खेळ रविवारी संपायला हवा होता, मग ती अजून बाहेर का. तो म्हणाला, कोण पुतळाबाई?

मी म्हटलं, चावटपणा पुरे. त्यानं मंगळूला हाक मारली, अरे मंगळू, मॅडमबाई कोण्या पुतळाबाईला विचारत्यात. मंगळू छपरावरून म्हणाला, असल बाबा, आपल्याला नाय ठाव. आणि पेंढी बांधत राहिला.

हे सगळे मिळून माझी फजिती करतायत. मिरचीचा सूड. हजेरीच्या यंत्रात नाव शोधलं. नाही. काढून टाकलं असणार. पोरकटपणाची हद्द आहे.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

आज सोक्षमोक्ष लावला. वेशीबाहेर गेले. पुतळाबाई दगडावर होती, गाल बसलेले, ओठ फुटलेले, लुगड्याला ओढ्याचा चिखल. पाहुणे तिच्या अंगावरून जात होते. एकानं तर तिच्या पायावर पाय दिला आणि खाली बघितलंही नाही.

मी झापायला सुरुवात केली. काय सोंग मांडलंय, ऊठ, तोंड धू, नवऱ्याला सांग थट्टा पुरे झाली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि झटकन तोंडावर हात ठेवला. मान हलवत राहिली. दुसऱ्या हातानं मला जा, जा अशी खूण. मला, जा! मी वर्गात असला उर्मटपणा कधी चालवून घेतला नाही. मी तिचा हात धरून तोंडावरून ओढून काढला आणि म्हटलं, उत्तर दे.

तिनं उत्तर दिलं. काय केलं हो बाई तुमी, असं म्हणाली. एवढंच. आणि रडायला लागली. अभिनय नव्हता तो.

शनिवार, ३० नोव्हेंबर

आज सकाळची दवंडी घरापर्यंत ऐकू आली, कोंडाजीनं दोन नावं घेतली. पुतळाबाई. आणि हेमलता दाणी, म्हणजे मी.

अशी दवंडी मी लिहून दिलेली नव्हती. जाऊन जाब विचारला. कोंडाजीनं डफाची कातडी बोटानं ताणून बघितली, उन्हाला धरली. मी त्याच्या तोंडासमोर ओरडले. त्यानं कान खाजवला.

हजेरीचं यंत्र बोट घेत नाही. शाईचं बोट, दुसरं बोट, दहाही बोटं.

वाण्याच्या घरात पाहुणे शिरले. माझ्या पलंगावर बसून फोटो काढले. माझा चष्मा उचलून ठेवला आणि म्हणाले, बघ, हे काही मध्ययुगीन नाही. बरोबर होतं ते.

रविवार, १ डिसेंबर

चूल पेटत नाही. काडी पेटते, लाकडाला लावली की विझते. तेरा काड्या. माठातलं पाणी तांब्यात येतं, तोंडाशी नेलं की तांब्या कोरडा. भाकर टोपलीतून उचलली, घरी आणली, हात रिकामा. टोपलीत बघितलं तर भाकर जागेवर. पुन्हा उचलली. पुन्हा —

फक्त ओढ्याचं पाणी ओंजळीत राहतं. गढूळ आहे. प्यायले.

कुंदनला फोन लावला. हॅलो, हॅलो, म्हणाला. मग तृप्तीला म्हणाला, कोणी बोलत नाहीये. मी बोलत होते. मी सगळा वेळ बोलत होते.

मंगळवार, ३ डिसेंबर

घरी जाऊन आले. पेठ रोडला एसटी थांबली ती दुसऱ्या कोणासाठी. कंडक्टरनं तिकीट विचारलं नाही. एक माणूस माझ्या मांडीवर बसायला आला, मी उठले.

बेल वाजवली. तृप्तीनं दार उघडलं. मी तिला म्हटलं, तृप्ती, चकल्या छान झाल्या होत्या. खोटं बोलले. अडुसष्ट वर्षांत पहिल्यांदा. तिनं जिन्यात डोकावून बघितलं आणि दार लावलं. आतून तिचा मोबाईल वाजत होता. डफ. दवंडी. रोजची बघते वाटतं. माझं नाव स्पष्ट ऐकू आलं.

आरोही शाळेत.

परत आले. इथे निदान पुतळाबाईला माझं बोलणं ऐकू येतं. ती म्हणाली, मी गप राहिली व्हती ना बाई, तुमच्यासाठी. तुमालाच बोलाची लय हौस. तिनं ओढ्याकाठचा कंद उकरून दिला. कच्चा. दोघी एकाच पानावर — म्हणजे पान नव्हतं. दगड.

गुरुवार, ५ डिसेंबर

तिसरं पान आठवलं. सालात एका पंगतीला बसलेले पाच जण.

मोजले.

एक वर्ष खोलीत ताट. इथे प्लेट, चमचा, काटा. पुतळाबाईनं मांडलेलं पान —

एक. फक्त ती. आणि ती माझ्याबरोबर बाहेर.

शुक्रवार, ६ डिसेंबर

तिच्या पाड्यावरची माणसं आली. फोन लागत नाही म्हणून शोधत. तीन बाया, दोन माणसं. दवंडी त्यांच्यापर्यंत पोहोचलेलीच नाही, पाड्यावर रेंज नसते. मंगळू त्यांना म्हणाला, कोण पुतळाबाई? त्यांनी त्याला शिव्या घातल्या आणि वेशीबाहेर येऊन तिला बघितलं. बघितलं! पोटाशी धरलं. फडकं सोडलं, भाकर, सुकट, मिरच्या, सगळ्यांचे हात एकाच फडक्यात. दिवाळीला जेवले असतील असेच. पाचच्या पाच.

मी म्हटलं, मला पण. मी त्यांच्यामधे बसले, त्यांनी सरकून जागाही दिली. माझा हात फडक्यात होता. पुतळाबाई, यांना सांग. पुतळाबाई, मला —

तिनं पहिला घास गिळला, गोतात परतली आणि तिचे डोळे माझ्या आरपार गेले, पाठोपाठ त्या पाचांचेही.

मंगळू छपरावरून उतरून धावत आला. पुतळे, पुतळे करत. सगळे गेले. तिनं जाताना लुगडं झाडलं. कमरेची पिशवी सुटली, एक मिरची दगडाशी पडली.

खाल्ली. त्या काळी मिरची नव्हती.

शनिवार, ७ डिसेंबर

बोटावरची मतदानाची शाई पुसट. काल नखावर रेघ होती. शाई महिनाभर तरी टिकते. सगळ्यांची टिकते.

वहीत लिहिलेलं दिसतं. अजून.

उठवत नाही.

रविवार, ८ डिसेंबर

आले. कुंदन, तृप्ती, आरोही. तिकीट काढून, बसच्या गर्दीबरोबर. कुंदन वेशीत थांबला, म्हणाला, मी इथे आधी कधी आलोय का ग? तृप्ती म्हणाली, रील बघून वाटत असेल. माझ्या दगडाजवळ उभं राहून फोटो काढला. मी मधे होते. तिनं फोटो बघितला आणि म्हणाली, मागची भिंत छान आलीय.

आत पंगत बसलीय. आवाज येतायत.

आरोही बाहेर आली. एकटी. हातात भाकर. कानांत बोंडं — दवंडी तिनं ऐकलेलीच नाही — ती माझ्याकडे बघतेय

माझ्याकडे

आज्जी म्हणाली.

मान खाली. लिहितेय. हात चालू असला की तोंड मिटलेलं राहतं. आज्जी, तू इतकी बारीक कशी झालीस. आज्जी, तू रागावलीस? नाही ग राणी — लिहिलं, बोलले नाही. बोलले नाही.

वही दाखवू? ती घेईल. हातून घेणं —

पुतळाबाईनं तोंडावर हात ठेवला होता. मी पण. डावा. आरोहीला खेळ वाटला, तिनंही ठेवला, हसतेय. जवळ बसली. जा. अशी खूण करते, जा. ती पण करते, जा. हसते.

तृप्ती हाक मारतेय. आरोही. आरोही. हिला ऐकू जात नाही. काढ ती बोंडं, काढ — नाही — नको काढूस —

डावा हात खाली ओढतेय माझा. छोटी बोटं. आज्जी, आ कर. भाकर ओठांना लावलीय. गरम आहे. आठ दिवस झाले. गरम आहे.

उघडायचं नाही. नको म्हणायलासुद्धा नाही. नको म्हणायलासु—